पंधरा मिनिटांचा पाठ: आखणी आणि अध्यापन

वेळापत्रकात तासिका 35 किंवा 40 मिनिटांची असली, तरी आधीचा विषय आवरणे, वह्या काढणे, उशिरा आलेल्या मुलाला जागेवर बसवणे आणि शेवटी गृहपाठ सांगणे यांतून प्रत्यक्ष शिकवायला उरणारा वेळ बराच कमी असतो. ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता आहेत, तिथे तो आणखी निम्मा होतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत पट असेल, तर दोन शिक्षक असतात. त्यामुळे वाड्यावस्त्यांवरच्या अनेक प्राथमिक शाळांत बहुवर्ग अध्यापन हीच रोजची रीत आहे. अशा वर्गात एका इयत्तेकडे पूर्ण लक्ष देता येईल असा सलग वेळ साधारण पंधरा मिनिटांचाच मिळतो, आणि त्या वेळेसाठी पाठ मुळापासून वेगळा आखावा लागतो. मोठ्या पाठाचे टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, घेऊन ते भरभर उरकले, तर शिक्षकाचा घटक पूर्ण होतो, पण मुलांच्या हाती काही लागत नाही.

पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने प्राथमिक शाळेतील शिक्षकांसाठी आणि सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकांसाठी आहे. त्यात एक उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे: इयत्ता तिसरीच्या वर्गात रफार शिकवणे.

पाठाचा आवाका ठरवणे

‘र ची जोडाक्षरे’ हा घटक टाचणवहीत एका ओळीत मावतो, पण पंधरा मिनिटांत मावत नाही. मराठीत र जोडण्याच्या चार रीती आहेत: ‘वर्ग’ मधला रफार, ‘चक्र’ मधली तिरपी रेघ, ‘ट्रक’ मध्ये अक्षराच्या खाली येणारे चिन्ह आणि ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला आडवा अर्धा र. या चारही रीती एकाच तासिकेत फळ्यावर मांडल्या, तर तक्ता सुंदर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी मुले ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांची सरमिसळ करतात. म्हणून चारांपैकी एकच रीत घ्यावी. तीही पुरेशी लहान नाही, कारण रफार असलेला शब्द वाचणे, ऐकून लिहिणे आणि काना किंवा वेलांटी असलेल्या अक्षरावर तो देणे ही तीन निरनिराळी कामे आहेत. आपण पहिल्या दिवशी एवढेच ठरवू: शिक्षकाने उच्चारलेल्या शब्दात रफार कोणत्या अक्षरावर येतो, हे मूल ओळखेल आणि तिथे तो देईल.

अध्ययन निष्पत्तीच्या, म्हणजे मुलांना काय यायला हवे याच्या, यादीतली वाक्ये वर्षभराच्या मापाची असतात. ती टाचणात जशीच्या तशी उतरवण्याऐवजी त्यातून आजच्या दिवसापुरते असे वाक्य काढावे, ज्याचे क्रियापद डोळ्यांना दिसते. ‘मुलांना रफाराची ओळख होईल’ हे दिसत नाही. ‘दिलेल्या चार नव्या शब्दांपैकी किमान तीन शब्दांत मूल रफार योग्य अक्षरावर देईल’ हे पाटीवर दिसते. असे वाक्य सुचत नसेल, तर आवाका अजून मोठा आहे असे समजावे आणि तो पुन्हा निम्मा करावा. हे काम टाचण लिहिण्याच्या आधीचे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण आखणीत सर्वांत जास्त विचार याच ठिकाणी खर्च व्हायला हवा.

शेवटची तीन मिनिटे आधी लिहावीत

हेतू ठरला की लगेच प्रस्तावनेकडे वळण्याचा मोह होतो, कारण आपल्याकडील पाठाच्या आराखड्यात प्रस्तावना सर्वांत वर छापलेली असते. छोट्या पाठात उलट क्रमाने जाणे हिताचे ठरते. मुलांना शेवटी काय करायला देणार, हे आधी लिहून ठेवावे.

आपल्या उदाहरणात शेवटी फळ्यावर चार शब्द रफाराविना लिहिलेले असतील: कज, माग, पासल, सकस. शिक्षक ‘कर्ज’, ‘मार्ग’, ‘पार्सल’, ‘सर्कस’ असे उच्चार करतील, मुले ती अक्षरे पाटीवर उतरवून रफार देतील आणि खूण करताच सगळ्या पाट्या एकदम वर करतील. अक्षरे आधीच दिलेली असल्यामुळे ज्याचे लेखन कच्चे आहे त्या मुलालाही आजची गोष्ट आली की नाही, हे स्वच्छ कळते. पूर्ण शब्द श्रुतलेखनात दिले असते, तर चूक रफाराची की कान्याची, हे ओळखण्यात वेळ गेला असता.

हे शब्द मुलांनी शिकवताना पाहिलेले नसावेत. शिकवताना वापरलेलेच शब्द शेवटी विचारले, तर मुलांची स्मरणशक्ती तपासली जाते आणि नियम समजला की नाही ते कळत नाही. म्हणून टाचणात शब्दांच्या दोन वेगळ्या याद्या कराव्यात आणि दुसरी यादी शेवटपर्यंत झाकून ठेवावी.

चूक कोणती होणार, याचा आधी अंदाज

रफार शिकताना होणारी नेहमीची चूक ठरलेली आहे. मूल ‘वर्ग’ लिहिताना रफार ‘व’ वर देते, कारण त्याच्या कानाला ‘व’ नंतर लगेच र् ऐकू येतो आणि जिथे ऐकू आला तिथेच तो लिहावा, असे त्याला वाटते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल कानाशी प्रामाणिक राहिल्यामुळे ती होते. एवढे शिक्षकाच्या लक्षात आले, की स्पष्टीकरण आपोआप लहान होते. ‘वर्–ग’ असा शब्द तोडून म्हणायचा, ‘र् च्या नंतर कोणते अक्षर आले?’ असे विचारायचे आणि त्या अक्षराच्या डोक्यावर रफार द्यायचा. पूर्ण पाठाचे स्पष्टीकरण एवढेच आहे. ते चार शब्दांवर चार वेळा करायचे आहे, चार प्रकारे नाही.

शब्दांची निवड ही इथली खरी परीक्षा आहे. ‘वर्ष’, ‘दर्शन’, ‘सर्प’ हे शब्द पुस्तकी भाषेत सोपे वाटतात, पण अनेक घरांत ते ‘वरीस’, ‘दरसन’, ‘सरप’ असे बोलले जातात. त्या घरातल्या मुलाला या शब्दात जोडाक्षर ऐकूच येत नाही, आणि मग त्याला आधी प्रमाण उच्चार शिकवावा लागतो, म्हणजे पंधरा मिनिटांत दुसराच पाठ सुरू होतो. त्याऐवजी ‘वर्ग’, ‘शर्ट’, ‘बर्फ’, ‘खर्च’ असे शब्द घ्यावेत. त्यांतला प्रत्येक शब्द आपल्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी कसा येतो, ते मधल्या सुट्टीत ऐकून घ्यावे आणि ‘बरफ’ ऐकू आला, तर तो शब्द बदलावा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये पावरी, पालघरमध्ये वारली अशी घरची भाषा असलेल्या मुलांसाठी ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. अनोळखी शब्दाचा अर्थ समजावण्यात गेलेले प्रत्येक मिनिट मुलांच्या सरावातून वजा होते.

आणखी एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. ‘करतो’ आणि ‘वरचा’ हे शब्द आपण ‘कर्तो’, ‘वर्चा’ असेच उच्चारतो, पण तिथे रफार लिहीत नाही, कारण ‘कर’ आणि ‘वर’ या मूळ शब्दांना पुढे प्रत्यय लागलेला असतो. वर्गातले एखादे चौकस मूल हा प्रश्न हमखास विचारते. त्याला उत्तर द्यायलाच हवे, मात्र ते आज द्यायला नको. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘उद्यासाठी’ अशी छोटी चौकट आखून तिथे ‘करतो’ लिहावे आणि त्या मुलाचे कौतुक करून पुढे जावे. प्रश्न नोंदवला गेला आहे हे दिसले, की मुले शांतपणे थांबतात. अर्थात दुसऱ्या दिवशी त्या चौकटीकडे खरोखर वळले पाहिजे. याच अडचणीमुळे आज ‘ऐकून स्वतः लिहा’ असे काम मुलांना देऊ नये आणि ‘या सगळ्या शब्दांत रफार आहे, तो कुठे ते शोधा’ एवढेच सांगावे.

मिनिटांची वाटणी

पंधरा मिनिटांपैकी किमान सात मिनिटे मुलांचे हात चालले पाहिजेत. उरलेल्या आठांत शिक्षकाचे बोलणे, फळालेखन आणि प्रश्नोत्तरे बसवावी लागतात. आपल्या पाठात सुरुवातीची दोन मिनिटे प्रस्तावनेसाठी आहेत. फळ्यावर ‘वरग’ आणि ‘वर्ग’ हे दोन्ही लिहून शिक्षक दोन्ही वाचून दाखवतात आणि ‘यातला आपण बसलो आहोत तो कोणता?’ असे विचारतात. गोष्ट, गाणे, कोडे यांचे मला वावडे नाही, पण छोट्या पाठात प्रस्तावनेने मुलांना थेट कामाच्या दाराशी आणून सोडावे. सूर्याचे चित्र दाखवून, सूर्य कोठे उगवतो इथपासून सुरुवात करून ‘सूर्य’ या शब्दाच्या रफारापर्यंत पोहोचण्यात पाच मिनिटे सहज निघून जातात आणि मुलांच्या मनात सूर्य राहतो, रफार राहत नाही.

पुढची चार मिनिटे स्पष्टीकरणाची: पहिला शब्द शिक्षक एकटे सोडवून दाखवतात आणि तसे करताना मनातला विचार मोठ्याने बोलतात. दुसऱ्या शब्दात ते मुलांना विचारत जातात. तिसरा आणि चौथा शब्द मुले सांगतात आणि शिक्षक केवळ लिहितात. त्यानंतर सहा मिनिटांचा सराव जोडीने होतो. प्रत्येक जोडीला रफाराविना लिहिलेल्या सहा शब्दपट्ट्या द्याव्यात; एकाने शब्द उच्चारायचा आणि दुसऱ्याने खडूने रफार द्यायचा, मग अदलाबदल करायची. पट्टीच्या मागच्या बाजूला पूर्ण शब्द लिहिलेला असावा, म्हणजे उच्चारणाऱ्याला तो वाचता येतो आणि बरोबर की चूक हे जोडी स्वतः पाहते. पट्ट्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या चालतात. शेवटची तीन मिनिटे पाटीवरच्या चार शब्दांची, जी आपण सर्वांत आधी लिहून ठेवली आहेत.

फळ्याचा आराखडाही टाचणातच काढावा. डावीकडे शिकवण्याचे चार शब्द एकाखाली एक, मधे रिकामी जागा शेवटच्या कामासाठी, उजवीकडे वर ‘उद्यासाठी’ची चौकट. रफारासाठी रंगीत खडू वापरावा आणि इतर कशासाठीही तो वापरू नये. पाठ चालू असताना फळा पुसावा लागला, तर आराखडा चुकला आहे.

वर्गात उभे राहिल्यावर

‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्ग एका सुरात ‘हो बाई’ किंवा ‘हो सर’ म्हणतो आणि त्या सुरात न समजलेली मुले सुरक्षित लपतात. छोट्या पाठात या प्रश्नाला जागाच ठेवू नये. त्याच्या जागी प्रत्येकाला काहीतरी दाखवावे लागेल असा प्रश्न विचारावा: बोटाने पट्टीवरचे अक्षर दाखवा, पाटीवर रफार द्या, बरोबर वाटणाऱ्या शब्दासाठी उजवा हात वर करा. पाटी हे साधन आज अनेक शाळांतून मागे पडले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तीस मुलांची तीस उत्तरे एका क्षणात दिसण्याची सोय वहीत नाही. पाट्या नसतील, तर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचे चौकोनही चालतात.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करून दाखवले, की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरे लांब होतात, उत्तरच न येण्याचे प्रसंग कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. वेळ कमी असल्यामुळे छोट्या पाठात थांबणे परवडणार नाही असे वाटते, पण हिशेब केला तर सहा प्रश्नांना तीन-तीन सेकंद दिले तरी अर्धे मिनिटही लागत नाही. घाईने हुशार मुलाचे नाव घेऊन मिळवलेले उत्तर वर्गाचे उत्तर नसते. प्रश्न आधी विचारावा, मनात तीन आकडे मोजावेत आणि नंतर नाव घ्यावे. नाव आधी घेतले की बाकीची मुले विचार करायचे सोडून देतात.

चुकीचे उत्तर आले, तर ‘चूक, बस खाली’ असे म्हणू नये आणि लगेच दुसऱ्याकडेही वळू नये. ‘तू “व” वर रफार दिलास, म्हणजे तुला र् “व” नंतर ऐकू आला, बरोबर आहे. आता र् नंतर काय ऐकू येतं ते म्हण,’ एवढे बोलले की बहुतेक मुले स्वतःच रफार उचलून ‘ग’ वर ठेवतात. जोडीचा सराव चालू असताना शिक्षकाने खुर्चीत न बसता वर्गात फिरावे आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे अशा चार-पाच मुलांकडे आधी जावे. त्यांची नावे टाचणात लिहून ठेवलेली असावीत.

दोन इयत्ता एकत्र असतील तर

तिसरी आणि चौथी एकत्र बसत असतील, तर तिसरीचा पाठ सुरू होण्यापूर्वी चौथीच्या हाती काम गेलेले असले पाहिजे, आणि ते असे असावे की पंधरा मिनिटे कोणालाही ‘बाई, पुढे काय करू?’ असे विचारावे लागू नये. म्हणून नवे काम न देता कालच्या पाठाचा सराव द्यावा आणि काम लवकर संपवणाऱ्यांसाठी त्याच कागदावर खाली एक अवघड प्रश्न लिहून ठेवावा. इयत्तांची अदलाबदल झाली की तिसरी रफाराचे सहा शब्द वहीत लिहील आणि चौथीचा पाठ सुरू होईल.

चौथीचा तो पाठ अपूर्णांकांच्या तुलनेचा असेल, तर तिथेही हीच पद्धत लागू पडते. ‘अपूर्णांकांची तुलना’ हा घटक मोठा आहे. आजचा आवाका अंश 1 असलेल्या अपूर्णांकांपुरता ठेवावा. अपेक्षित चूक अशी, की 4 हा 3 पेक्षा मोठा म्हणून मुले 1/4 ला 1/3 पेक्षा मोठा म्हणतात. वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या प्रत्येक मुलाकडे द्याव्यात, एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान भाग घडी घालून करायला लावावेत आणि एकेक भाग शेजारी ठेवायला सांगावा. तिसरा भाग पाडणे लहान हातांना जड जाते, म्हणून त्या पट्टीवर घडीच्या खुणा शिक्षकांनी आधीच करून ठेवाव्यात. घडी घालण्याचे कौशल्य हा आजचा विषय नाही. शेवटी 1/5 व 1/8, 1/6 व 1/2 अशा पट्टीविना सोडवायच्या दोन जोड्या द्याव्यात.

आपला पाठ स्वतः तपासणे

अध्यापक विद्यालयात सूक्ष्म अध्यापन केलेल्यांना छोटा पाठ अपरिचित नाही. 1960 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली, आणि भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिचे जे रूप रूढ केले, त्यात एक चक्र 36 मिनिटांचे असते: 6 मिनिटे अध्यापन, 6 मिनिटे प्रत्याभरण (पाहणाऱ्यांचा अभिप्राय), 12 मिनिटे पुनर्नियोजन, 6 मिनिटे पुनर्अध्यापन आणि पुन्हा 6 मिनिटे प्रत्याभरण. सूक्ष्म पाठ शिक्षकाच्या एका कौशल्याच्या सरावासाठी असतो, तर आपला पंधरा मिनिटांचा पाठ मुलांसाठी असतो, हा फरक विसरू नये. तरीही त्या चक्रातली एक गोष्ट शाळेत जरूर आणावी: पुनर्नियोजनाला अध्यापनाच्या दुप्पट वेळ दिलेला आहे.

शाळेत सहकारी असेल, तर त्याला आठवड्यातून एखादा पाठ पाहायला बोलवावे आणि एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायला सांगावे, उदाहरणार्थ किती मुलांची नावे घेतली गेली. ‘पाठ छान झाला’ हा शेरा उपयोगाचा नसतो. ‘मागच्या रांगेतल्या कोणालाही प्रश्न गेला नाही’ ही नोंद उपयोगाची असते. एकशिक्षकी शाळेत मोबाइल कपाटावर ठेवून केवळ आवाज ध्वनिमुद्रित केला, तरी आपण किती बोललो आणि प्रश्नानंतर किती थांबलो हे कळते.

पाठ संपल्यावर त्याच दिवशी टाचणवहीत तीन नोंदी कराव्यात: किती मुलांचे चारपैकी तीन शब्द बरोबर आले, कोणती चूक पुन्हा पुन्हा दिसली आणि कोणती मुले राहिली. साधारण तीन-चतुर्थांश वर्गाला जमले असेल, तर पुढे जावे आणि राहिलेल्या मुलांना परिपाठानंतर किंवा सरावाच्या वेळी वेगळे बसवावे. निम्म्याहून अधिक मुले अडली असतील, तर तोच पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा, मात्र शब्द नवे घ्यावेत आणि स्पष्टीकरणातला पहिला शब्द अधिक सावकाश सोडवून दाखवावा. जमलेल्या पाठाचीही तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने दोन-दोन मिनिटांची उजळणी वेळापत्रकात लिहून ठेवावी: फळ्यावर रफाराविना तीन शब्द, हातात पाट्या, आणि त्यानंतर ‘वर्षा’, ‘गर्दी’ यांसारख्या काना-वेलांटीच्या शब्दांचा पुढचा पाठ.